परीकथा आहे म्हणून काढायचा?

'पॅन्स लॅबिरिंथ' (२००६) हा सिनेमा परीकथा आहे, आपल्या युद्धपटांच्या यादीतून काढा, हे म्हणणं मला अर्धंच पटलं. फॉन (अर्धा माणूस, अर्धा बोकड असा पुराणकथेतला प्राणी) आहे, मंतरलेली मुळी आहे, मान्य. पण काळ १९४४चा, जागा स्पेन. तिथली यादवी १९३९मध्ये संपली ती कागदावर. डोंगरात हुकूमशहा फ्रँकोच्या विरोधातले बंडखोर अजून लढतायत आणि फ्रँकोचा कॅप्टन विदाल त्यांच्या मागावर आहे. त्याची चाल बघा ना: धान्य-औषधं कोठारात कुलूपबंद, घरटी एकच रेशनकार्ड, म्हणजे वर डोंगरात पाठवायला कुणाकडे काही उरायलाच नको. रणगाड्यांनी भरलेल्या कितीतरी सिनेमांत युद्धाची ही बाजू येतच नाही. आणि सशांच्या शिकारीला निघालेले ते बापलेक! विदाल आधी त्यांना मारतो, झोळीतला ससा नंतर सापडतो. (दुसऱ्यांदा बघताना तो प्रसंग मी न बघता पुढे सरकवला.)

माझी कसोटी सरळ आहे: युद्ध काढून घेतलं तर गोष्ट उभी राहते का? इथे साफ कोसळते. उलट आपल्या यादीत बिनबोभाट बसलेला 'केलीज हीरोज' (१९७०) बघा. नाझींचं सोनं, बँक, लुटारू सैनिक. गणवेश उतरवा, दरोडापट तसाच चालेल. काढायचाच असेल तर आधी तो काढा.