मदत हवी आहे: ‘असिस्टन्स विथ ड्रेसिंग’ म्हणजे मलमपट्टी की कपडे?

वॉर्ड_नंबर_सात

नमस्कार मंडळी. मी मिरजेत ऑर्थो म्हणजे हाडांच्या वॉर्डला स्टाफ नर्स आहे आणि सध्या ओईटीची तयारी करतेय. परदेशात नर्सिंग करायचं तर इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते, त्यातली ही एक. बरी गोष्ट म्हणजे हिच्यात आपल्या कामातलंच इंग्रजी विचारतात. ऐकणं, वाचणं, बोलणं जमतंय, घोडं अडलंय ते लेखनात. एका पेशंटच्या केस नोट्स देतात आणि ४५ मिनिटांत (त्यातली पहिली ५ नुसती वाचायला) १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं असतं.

सरावाच्या एका केसमध्ये ७२ वर्षांच्या बाई आहेत. डाव्या खुब्याचा सांधा बदललाय आणि आता घरी सोडायचंय. नोट्समध्ये दोन ओळी अशा आहेत:

‘रिक्वायर्स असिस्टन्स विथ ड्रेसिंग.’
‘ड्रेसिंग ड्राय अँड इन्टॅक्ट.’

दुसरी ओळ (पट्टी कोरडी आणि जागच्या जागी) तर आम्ही रोज लिहितो. पहिलीवरून माझं आणि रूममेटचं वाजलंय. ती म्हणते, पट्टी बदलायला मदत लागते. मी म्हणते, कपडे घालायला. खुब्याच्या पेशंटला दोन्ही लागू शकतं, त्यामुळे केस वाचूनही निकाल लागत नाही.

आणि एकदा शब्दाच्या मागे लागल्यावर डोकंच फिरलं. शाळेत ड्रेस म्हणजे गणवेश, दुकानात ड्रेस म्हणजे सलवार-कमीज, जखमेला ड्रेसिंग, सॅलडवर ड्रेसिंग, आणि कोपऱ्यावरच्या पाटीवर ‘ड्रेस्ड चिकन’. त्या बिचारीच्या अंगावर तर पीससुद्धा नसतं! क्रियापद म्हणून हे वापरायचं तरी कसं? ‘शी ड्रेस्ड अ सारी’ चालतं का? वेअर कुठे, पुट ऑन कुठे? शब्दकोशात अर्थांची ही लांबलचक रांग आहे, वाचून गोंधळ वाढला. कोणी नीट समजावून सांगेल का?

तांबडापांढरा

कोंबडी आमच्या खात्यातली, म्हणून आधी हात वर करतो. पोल्ट्रीच्या धंद्यात भाव दोन असतात, जिवंत वजनाचा आणि ड्रेस वजनाचा. पिसं, डोकं, पाय, आतडी काढून जे हातात येतं ते ड्रेस. दोन किलोची जिवंत कोंबडी ड्रेस होऊन दीड किलोच्या आसपास भरते. म्हणजे आमच्याकडे ड्रेस होणं म्हणजे कपडे उतरणंच. इंग्रजीचं मला विचारू नका.

रात्रपाळी

मी इंग्लंडमध्ये लीड्सला ऑर्थो रिहॅबमध्ये आहे. ताई, तुमचं बरोबर आहे. ‘असिस्टन्स विथ ड्रेसिंग’ असं मोकळं, ड्रेसिंगच्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ नसताना आलं की ते कपड्यांचं. रोजच्या कामांची जी ठरलेली यादी आहे, त्यातला हा शब्द आहे. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली आपल्या सहकाऱ्यांसोबत एक निर्देशांक मांडला. त्यात सहा कामं होती: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, खाटेवरून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवणं. पेशंट यातलं काय स्वतःचं स्वतः करतो, ते बघायचं. इथल्या प्रत्येक डिस्चार्जच्या कागदावर ‘वॉशिंग अँड ड्रेसिंग’ हे जोडीनेच येतं.

जखमेचं ड्रेसिंग मोजता येतं. अ ड्रेसिंग, द ड्रेसिंग, टू ड्रेसिंग्ज. तुमची गल्लत होते कारण नोट्समध्ये अ, द सगळे गाळलेले असतात. पत्रात ते गाळायची सोय नाही, आणि मार्क तिथेच जातात.

परीक्षा बाजूला ठेवू, हा फरक कामातही महत्त्वाचा आहे. इथे पेशंट घरी गेल्यावर जखम बघायला डिस्ट्रिक्ट नर्स येते आणि कपडे घालायला केअरर. दोघींची खाती वेगळी. तुमचं पत्र वाचून कोणाला पाठवायचं ते ठरतं. म्हणून मी कपड्यांसाठी ‘ड्रेसिंग’ हे नाम पत्रात वापरतच नाही, ‘गेटिंग ड्रेस्ड’ लिहिते. आणि कुठे मदत लागते तेही सांगते. खुब्याच्या बऱ्याच पेशंटना सुरुवातीचे काही आठवडे कमरेत ९० अंशांपेक्षा जास्त वाकू नका असं सांगितलेलं असतं. ब्लाऊज-शर्ट त्यांचे ते घालतात, अडतं ते चड्डी, मोजे आणि बुटांशी. त्यासाठी लांब दांड्याचं शूहॉर्न आणि मोजे चढवायचं साधन देतो. ऑपरेशन झालेला पाय आधी घालायचा, काढताना तोच शेवटी काढायचा. पक्षाघातातही तेच, लुळा हात बाहीत आधी. आमचे थेरपिस्ट म्हणतात, ‘ड्रेस द अफेक्टेड साइड फर्स्ट’.

(सासूबाई भारतातून आल्या तेव्हा त्यांना मी ‘आज मी ड्रेस घालते’ म्हटलं आणि इथल्या मैत्रिणीला इंग्रजीत तेच सांगितलं. तिला फ्रॉक अपेक्षित होता, मी सलवार-कमीजमध्ये पोचले. असो.)

खडू_फळा

रात्रपाळी यांनी शेवटी जे वाक्य दिलंय त्यातच सगळं आहे. ‘ड्रेस द अफेक्टेड साइड’. ड्रेस कशाला केलं? बाजूला. शर्ट त्या वाक्यात कुठेच नाही.

ड्रेस या क्रियापदाचं कर्म कपडा कधीच नसतो. ज्याला तयार करायचं, ते कर्म. मूल ड्रेस करतात, पेशंट ड्रेस करतात, जखम, कोंबडी, सॅलड, दगड ड्रेस करतात. तुमचं ‘शी ड्रेस्ड अ सारी’ इंग्रज माणूस ऐकेल तर त्याला वाटेल, साडीलाच कोणीतरी झबलं घातलं. ‘शी वॉज ड्रेस्ड इन अ सारी’ म्हणा. मराठीत आपण ‘आजीला साडी नेसवली’ म्हणतो, तिथे ‘आय ड्रेस्ड ग्रॅनी इन अ सारी’. कपडा नेहमी ‘इन’च्या नंतर. ‘ड्रेस्ड’पुढे ‘विथ’ आलं की समजायचं मामला तेला-व्हिनेगरचा किंवा औषधाचा आहे: सॅलड ड्रेस्ड विथ लेमन, वूंड ड्रेस्ड विथ गॉझ.

पुट ऑन ही अंगावर चढवण्याची क्रिया, वेअर ही चढवून झाल्यानंतरची स्थिती. आपलं ‘घालणे’ दोन्ही कामं करतं. ‘थांब, शर्ट घालतोय’ आणि ‘तो कायम पांढरा शर्ट घालतो’. त्यामुळे दाराआडून ‘वेट, आय ॲम वेअरिंग माय शर्ट’ असं ओरडतात आपली मुलं. बाहेरचा म्हणतो, घातलाय ना, मग ये की! उलट आपण साडी नेसतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो, गजरा माळतो, चष्मा लावतो. इंग्रजी एकट्या वेअरमध्ये हे सगळं कोंबते, वर अत्तर आणि दाढीसुद्धा.

स्वतःपुरतं असेल तर कर्माची गरज नाही. ‘शी ड्रेस्ड क्विकली’, किंवा बोलताना ‘शी गॉट ड्रेस्ड’. ‘ड्रेस्ड हरसेल्फ’ तेव्हाच, जेव्हा स्वतःला जमतं की नाही हाच मुद्दा असतो, म्हणजे लहान मूल किंवा तुमचे पेशंट. ‘शी कॅन ड्रेस हरसेल्फ’ यातल्या हरसेल्फवर सगळा भार आहे, तो गाळू नका.

आता कोंबडी. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे अर्थ होता नीट मांडणे, तयार करणे. त्याच्याही मागे लॅटिनमधला ‘सरळ’ या अर्थाचा शब्द आहे, ज्यातून डायरेक्टही आला. कपडे त्यात नंतर शिरले. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये देव माणसाला ईडनच्या बागेत ठेवतो ते ‘टु ड्रेस इट अँड टु कीप इट’, बाग नीट राखायला. गंमत बघा, त्या क्षणी त्या बागेत कपडे नावाची गोष्टच नव्हती, अंजिराची पानं पुढच्या अध्यायात येतात. स्वयंपाकघरातल्या कपाटाला इंग्रज ड्रेसर म्हणतात, कारण मुळात त्या फळीवर जेवणाची तयारी व्हायची. एनसीसीत असाल तर ‘दाहिने सज’ आठवेल. तो ‘राइट ड्रेस’चा हिंदी अवतार. त्या हुकमावर कोणी कॉलर नीट करत नाही, उजवीकडे मान वळवून रांग सरळ करतात. तुमची कोंबडी शिजवायला तयार, जखम भरायला तयार, एवढंच.

जुना_टर्नर

वा मास्तर. आमच्या शॉपमध्ये ग्राइंडिंग व्हील ड्रेस करतात. चाक वापरून गुळगुळीत झालं, त्यात लोखंडाचा बुकणा बसला की कापत नाही, नुसतं तापतं. मग हिऱ्याच्या टोकाचा ड्रेसर फिरवून वरचा थर काढायचा, खाली धारदार दाणे उघडे पडतात. चाळीस वर्षांपूर्वी नोकरीला लागलो तेव्हा आमचे हेड मिस्त्री म्हणायचे, ‘चाकाला टाकी लावून घे.’ पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या बाया गल्लीतून ओरडत जायच्या ना, तीच टाकी, छिन्नीने टोचून दगड पुन्हा खरबरीत करायची. इंग्रजीत जात्याच्या दगडाला टाकी लावण्यालाही ड्रेसिंगच म्हणतात, आणि बांधकामाच्या घडीव दगडाला ड्रेस्ड स्टोन. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं, पण भाषांतर चोख होतं.

शंकासुर

हे सगळं रंजक आहे, पण परीक्षेच्या चाळीस मिनिटांत लॅटिन आठवत बसणार का ताई? इंग्रज लोकही हा विचार करत नाहीत. त्यांच्यासाठी हे वेगवेगळे शब्दच आहेत. ‘ही गॉट अ ड्रेसिंग डाउन’ म्हणजे त्याची खरडपट्टी निघाली, आणि ‘ड्रेस डाउन ऑन फ्रायडे’ म्हणजे साधे कपडे घालून या. यात काय सरळ आणि काय तयार? असे तयार तुकडे जसेच्या तसे पाठ करावेत, मूळ शोधू नये.

खडू_फळा

डाउनवाले तुकडे पाठच करावे लागतात, मान्य. पण नव्वद टक्के गोंधळ कर्माचा असतो, तो मूळ कळलं की सुटतो. शेतीखात्याच्या पुस्तिकेत ‘सीड ड्रेसिंग’ वाचून बियाण्याला कपडे का, असं विचारणारा विद्यार्थी मी पाहिलाय. पेरणीआधी थायरम हे बुरशीनाशक चोळतात ती बीजप्रक्रिया, आणि उभ्या पिकाला वरून युरिया देतात ते ‘टॉप ड्रेसिंग’, आपलं वरखत. पाठ करून किती करणार?

ओटीवरून

मला इंग्रजी बेताचंच येतं, पण वाचता वाचता एक मनात आलं. आपण नाही का म्हणत, ‘घर आवरलं’, ‘ओटा आवरला’, आणि बाहेर निघताना, ‘तुझं आवरलं का गं?’ तिथे आवरणं म्हणजे अंघोळ, वेणी, साडी सगळं आलं. लेकराला ‘पटकन तयार हो’ म्हणतो तेव्हाही कपडेच घालायला सांगतो, कपड्यांचं नाव घेत नाही. तुमचं ते ड्रेस असंच दिसतंय.

खडू_फळा

काकू, इतकी वर्षं वर्गात मी ‘ड्रेस म्हणजे कपडे घालणे’ लिहून देत आलो. ‘गेट ड्रेस्ड’ला ‘आवरून घे’ याच्याइतकं जवळचं काही नाही.

वॉर्ड_नंबर_सात

सगळ्यांचे मनापासून आभार. रूममेटला धागा वाचायला दिलाय, ती आता कोंबडीवर अडून बसलीय. मी दोन वाक्यं केलीत, कृपया तपासा:

‘मिसेस अमुक कॅन ड्रेस हर अप्पर बॉडी इंडिपेन्डंटली बट नीड्स हेल्प गेटिंग ड्रेस्ड बिलो द वेस्ट. द वूंड वॉज रिड्रेस्ड धिस मॉर्निंग अँड द ड्रेसिंग इज ड्राय अँड इन्टॅक्ट.’

रात्रपाळी

पहिलं वाक्य जसंच्या तसं ठेवा, कोणीही केअरर वाचून कामाला लागेल. दुसऱ्यात ‘रिड्रेस्ड’ सलग लिहू नका. री आणि ड्रेस्डच्या मध्ये जोडरेघ द्या. सलग लिहिलेला रिड्रेस म्हणजे अन्यायाचं निवारण, आपल्याकडच्या ‘ग्रीव्हन्स रिड्रेसल’ मधला. किंवा सरळ ‘द ड्रेसिंग वॉज चेंज्ड धिस मॉर्निंग अँड रिमेन्स ड्राय अँड इन्टॅक्ट’ करा, शब्दही वाचतील. आणि टाके किंवा क्लिप कधी काढायच्या ती तारीख टाकलीय ना पत्रात? डिस्ट्रिक्ट नर्स आधी तेच शोधते.