रिस्लेच्या आकड्यांबद्दल

रिस्ले हा जातींची शारीरिक मोजमापं घेणारा ब्रिटिश अधिकारी. ‘रिस्लेने प्रत्यक्ष नाकं मोजली होती, म्हणजे जातींचे वंश वेगळे यात तथ्य असणारच’ असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मोजलं काय, तर नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. ७०च्या आत आलं की बारीक नाक, ८५च्या वर गेलं की बसकं. एवढ्यावर माणसाची पायरी ठरवली, याचा मला आजही संताप येतो.

पण समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये (आपल्या मालवणचे) यांनी १९३२च्या पुस्तकात अशीच मोजमापं प्रांतवार लावून पाहिली, तेव्हा ‘जात जितकी वरची तितकं नाक बारीक’ ही रिस्लेची उतरंड आजच्या उत्तर प्रदेशाच्या पट्ट्याबाहेर जुळेना. पुढे १९४८ साली बाबासाहेबांनी घुर्यांचेच तक्ते घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात हे दाखवून दिलं.