मदत हवी आहे: रारा तलाव (नेपाळ), बाबांना विमानाने नेऊ की जीपने?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत बाबांना घेऊन राराला जायचं चाललंय. पश्चिम नेपाळमधल्या मुगू जिल्ह्यातला, २,९९० मीटरवरचा हा तलाव. नेपाळमधला सगळ्यात मोठा तलाव, पण त्याच्याभोवतीचं राष्ट्रीय उद्यान मात्र तिथलं सगळ्यात लहान, जेमतेम १०६ चौ. कि.मी. बाबांनी कुठेतरी त्याचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

बाबा ६३ वर्षांचे. उभी हयात सह्याद्रीत गेली. चढायला आजही माझ्या पुढे असतात, उतरताना मात्र गुडघे कुरकुरतात. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. हिमालयात कधीच गेलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या लेखी उंची म्हणजे कळसूबाई, १,६४६ मीटर.

मुंबईहून पुष्पकने लखनौ, तिथून बहराइचमार्गे रुपईडिहा, सीमा ओलांडली की नेपाळगंज. इथवर ठरलंय. घोडं अडलंय पुढे.

विमानाने गेलो तर नेपाळगंजहून ताल्चा, म्हणजे राराजवळचा विमानतळ, पाऊण तासात. पण म्हणजे दीडशे मीटरवरून थेट २,७०० च्या वर! मागे मी लेहला विमानाने गेले होते आणि शहाणपणा करून त्याच संध्याकाळी बाजार पालथा घातला. उंचीच्या त्रासाने रात्रभर बादली उशाशी घेऊन बसले होते. माझं ठीक आहे हो, बाबांचं असं झालं तर?

जीपने सुर्खेत, मग कर्णाली राजमार्ग, नाग्माहून गमगढीचा फाटा. उंची हळूहळू वाढेल, पण दोन दिवस हाडं खिळखिळी होतील.

जुम्ल्याहून तीन दिवस चालत जाण्याचा पर्याय बाबांचा आहे. मी तो ऐकला नाही असं दाखवलंय.

कोणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर कृपया सांगा. तलावाजवळचा मुर्मा टॉप हा डोंगरमाथा त्यांना झेपेल का?

– पायवाट

---

भटक्या_विमुक्त: ताई, मी आईला घेऊन गेलो होतो, तेव्हा ती ६६ ची. विमानाने जा. लेह ३,५०० मीटरवर आहे, ताल्चा त्यापेक्षा बरंच खाली, दोन्ही एका मापाने मोजू नका. आईला पहिल्या दिवशी थोडं डोकं जड झालं, जेवण गेलं नाही, बस. त्यापेक्षा येताना मीच हट्टाने जीप केली, त्याबद्दल ती मला आजही ऐकवते. कमरेचा पट्टा लावून बसली होती बिचारी.

ताल्चाहून तलाव दोन-तीन तासांची चाल आहे. घोडा मिळतो, पहिल्या दिवशी बाबांना त्यावर बसवा. रुसले तर रुसू देत. दुसरा दिवस काठाकाठानेच फिरा, वाट बरीचशी सपाट आहे. मुर्मा तिसऱ्या दिवशी. चढ झेपेल, तुम्ही लिहिलंय तसा उतारच गुडघ्यांवर येईल. दोन काठ्या न्या. डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. आणि दम लागणं वेगळं, बसल्या जागी धाप लागणं वेगळं. तसं झालं की फोटोबिटो सोडून तडक खाली.

उनाड_पाऊस: +१. फक्त एक. ताल्चाची विमानं लहान असतात आणि सकाळीच उडतात, दुपारी वारा सुटतो. ढग आले की रद्द. आम्ही परतीला दीड दिवस धावपट्टीच्या कुंपणाला टेकून आकाशाकडे बघत होतो. लखनौचं परतीचं तिकीट दोन दिवस हातचे ठेवूनच काढा. त्यात तुमच्या दिवाळीत तिकडे तिहार, भाऊबीजेला म्हणजे भाइटीकाला सगळा नेपाळ घरी निघालेला असतो. विमानाचं आजच बघा.

पैसे नेपाळगंजलाच बदला (आपला १ रुपया = त्यांचे १.६०), वर एटीएमच्या भरवशावर राहू नका. जुम्ल्याकडचा मार्सी भात मिळाला तर सोडू नका, तांबूस असतो. कुट्टूची भाकरी मिळते, तिकडे तिला फापर म्हणतात. बाबांना नाचणीची आठवण येईल.

सीमावासी: बाबांकडे ओळखपत्र कुठलं आहे? ६३ म्हणता म्हणून विचारतो. नेपाळसाठी १५ ते ६५ वयाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच लागतं, आधार चालत नाही. ६५ च्या वर असते तर चाललं असतं.

पायवाट: सगळ्यांचे मनापासून आभार! विमान नक्की. घोड्याचं आत्ता सांगत नाही, ताल्चाला उतरल्यावर बघू.

सीमावासी, तुम्ही वाचवलंत. आम्ही आधारच घेऊन निघणार होतो. पासपोर्ट त्यांनी कधी काढलाच नाही. मतदार कार्ड शोधायला आज अख्खं कपाट उपसलं, शेवटी विम्याच्या फायलीत सापडलं. १९९५ चं आहे. फोटोत बाबांना जाड मिशी आणि डोक्यावर भरपूर केस आहेत. आता दोन्ही नाही. सीमेवर ओळखतील ना, की आधी नवीन कार्ड काढून घेऊ?