ग्रेहाउंडचा मागचा उजवाच पाय का मोडतो?

कारवानवाला_लातूर:
मंडळी एक शंका. घरी कारवान जातीचं शिकारी कुत्रं आहे म्हणून ग्रेहाउंडबद्दल पण वाचत बसतो. शर्यतीच्या कुत्र्यांचं मागच्या उजव्या पायाचं घोट्यातलं हाड मोडतं, डाव्याचं फार कमी. असं का बरं? आणि आधी काही कळतं का?

पशुवैद्य_परदेशी:
ट्रॅकमुळे. इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात कुत्री घड्याळाच्या उलट पळतात, वळण कायम डावीकडे, मग बाहेरचा उजवा पाय दाबला जातो. माणूस वळणावर पाय जास्त वेळ टेकवतो आणि आपोआप स्लो होतो, ग्रेहाउंड ते करतच नाही. 2005 मध्ये 'नेचर'मध्ये उशरवूड आणि विल्सनचा पेपर आला होता, वळणावर पायांवरचा जोर 65 टक्क्यांनी वाढतो तरी पाय टेकायचं टायमिंग तेच. पळायची ताकद कंबर-पाठीतून येते, पाय नुसते वजन पेलतात, सायकलवर बसल्यावर वजन सीट पेलते आणि जोर वेगळीकडून येतो ना तसं. आणि हाड काय एका दिवसात मोडत नाही हो, रोज तोच दाब बसून उजवं हाड डाव्यापेक्षा टणक होत जातं, आत बारीक चिरा पडत राहतात आणि मग एखाद्या वळणावर कट्‌कन जातं.

भटका_सिडनी:
सगळं वळणावर ढकलू नका राव, पहिल्या वळणाला जी गर्दी होते, धडकाधडकी होते त्याचं काय? इथल्या यूटीएसने (सिडनीची टेक्नॉलॉजी युनिव्हर्सिटी) 2017 च्या रिपोर्टमध्ये सांगितलंय, सरळ ट्रॅक करा, आठऐवजी सहाच कुत्री सोडा, ल्यूर (कुत्री ज्याच्यामागे पळतात ते नकली सावज) लांब दांड्यावर लावा म्हणजे कुत्री पसरून पळतील. व्हिक्टोरियात हिल्सव्हिलला सरळ ट्रॅक आहे की. बाकीचे का बदलत नाहीत? सट्टा, दुसरं काय!

कारवानवाला_लातूर:
बाप रे. आमचा तर शेतातच पळतो, वळणबिळण नाही. पण लंगडतोय का ते घरी कसं बघू?

पशुवैद्य_परदेशी:
मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा, समोरून आणि बाजूने. सुसाट पळताना नको, दुडक्या चालीत काढा, लंगड त्यातच दिसते. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगल्या पायावर खाली येतं. मागच्या पायासाठी डोक्याकडे बघू नका, पुठ्ठ्याची म्हणजे ढुंगणाची कुठली बाजू जास्त वरखाली होते ते बघा. आणि फरशीवर नको, घसरतो.

कारवानवाला_लातूर:
दुडक्या चालीत?? हा एकतर झोपतो नाहीतर सुटतो 😀

पशुवैद्य_परदेशी:
पट्टा लावा आणि तुम्ही पळा सोबत. व्हिडिओ दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगा.