रविवारी चर्च झालं, सोमवारी विश्वास कसा जगता? नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

सर्वांना सलाम. लेंट, म्हणजे आपला ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू आहे. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार सोडून 40 दिवस. घरोघरी प्रार्थनासभा चालू आहेत. मागच्या आठवड्यात शरणपुरातल्या एका घरी सभा संपली, चहा झाला आणि त्या घरच्या आजींनी विचारलं, "शास्त्र वाचलंत, छान झालं. पण इतक्यात कोणी कोणाला माफ केलं का?" खोलीत कोणी बोललं नाही. मीही नाही.

शरणपूर हे नावच शरण आलेल्यांचं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात इथे मिशनच्या आश्रयाला राहिली, शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शवासोबत आफ्रिकेतून लंडनला गेला. 1874 साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला तो हजर होता. अशा गावात राहून आजींच्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसावं, हे मनाला लागलं.

म्हणून विचारतो. उपदेश नको, साक्षीची ठरलेली वाक्यं नकोत. घरात, कामावर, शेजारी जे खरंच घडलं ते लिहा. फसलेलंही लिहा. नावं मात्र टाळा. आलेले अनुभव खाली देत जाईन.

निवृत्त शिक्षिका, कॉलेज रोड

फसलेलं चालेल म्हणालात म्हणून लिहिते. मुलासाठी स्थळं बघत होते. एका मुलीच्या वडिलांशी फोनवर छान बोलणं झालं. मी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" ते म्हणाले, "नगर जिल्ह्यातले." मी म्हणाले, "तसं नाही हो, मूळचे..."

पलीकडे शांतता. मग ते म्हणाले, "बाई, हा प्रश्न संपावा म्हणूनच आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता." आवाज चढवला नाही. सलाम म्हणाले आणि फोन ठेवला.

बायबलमधलं गलतीकरांस पत्र मी संडे स्कूलमध्ये किती वर्षं शिकवलं! यहूदी नाही, ग्रीक नाही, दास नाही, स्वतंत्र नाही. मुलं घडाघडा पाठ म्हणायची. दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी केली. मुलीनं मात्र नकार दिला आणि तिचं बरोबरच होतं. आता आमच्या महिला मंडळात कोणी 'मूळचे' म्हणालं की मी ही गोष्ट सांगते. ऐकायला कोणालाच आवडत नाही.

द्राक्षबागेत सुपरवायझर, दिंडोरी

युरोपला जाणाऱ्या मालात औषधाचा अंश तपासतात, म्हणून फवारणीची वही तारखेसकट ठेवावी लागते. शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात ठरलेले दिवस जावेच लागतात. गेल्या हंगामात भाव चढा होता, दिवस कमी पडत होते. मालक म्हणाले, तारीख चार दिवस मागची टाक. मी वही त्यांच्यापुढे सरकवली. "दादा, तुम्ही लिहा. माझ्या हातानं नको."

तेव्हा वाटलं, सुटलो. रात्री झोप लागेना. माझा हात स्वच्छ राहिला, पण माल तर तोच जाणार होता. खाणाऱ्याचं काय? सकाळी पुन्हा गेलो आणि चार दिवस थांबा म्हणालो. खूप चिडले. पण थांबले. माल उतरलेल्या भावानं गेला आणि त्याबद्दल मी अजून ऐकतो.

नर्स, रात्रपाळी

रुग्णासाठी मी मनातल्या मनात प्रार्थना करते. कोणी स्वतःहून म्हटल्याशिवाय मोठ्यानं नाही. माणूस खाटेवर असहाय पडलेला असताना आपला विश्वास त्याच्यापुढे नेणं मला बरोबर वाटत नाही. चादर वेळेवर बदलणं, हाक आली की लगेच उठणं, एवढं मी येशूसाठी म्हणून करते.

प्रेसमधून निवृत्त, देवळाली गाव

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये माझा जन्म गेला. नोटेचा हिशेब चुकता कामा नये, हे हाडात भिनलेलं. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा धाकट्या भावानं घरासाठी 1,80,000 मागितले. चिठ्ठी लिहून घेतली आणि दिले. एका वर्षाचा वायदा होता, सहा वर्षं झाली. बोलणं बंद. चर्च एकच. तो डावीकडच्या बाकांवर, मी उजवीकडे. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला तो उठला की मी थांबायचो, तो परत आला की मी उठायचो.

आपल्या मराठी प्रभूच्या प्रार्थनेत शब्दच असा आहे: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." अपराध म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. ऋण म्हटलं की मला ती चिठ्ठीच दिसायची. मी ती ओळ म्हणायचंच सोडून दिलं. एकदा बायको म्हणाली, "तुमचा आवाज मध्येच का बंद होतो?" सांगितलं तिला.

महिनाभर आम्ही दोघांनी हिशेब केला. पैसे सोडायचे तर तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वर्षभर लांबणार होतं. ती म्हणाली, लांबू दे. हे मी केलं असं कोणी म्हणू नये. अर्धं तिनं केलं.

चिठ्ठी घेऊन भावाकडे गेलो. राग गेला नव्हता, रागासकटच गेलो. चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "हे मिटलं." तो म्हणाला, "मी देणारच होतो." उलट त्यालाच अपमान वाटला. गळाभेट वगैरे काही झाली नाही. भावजयीनं चहा आणला, बिनसाखरेचा. सहा वर्षांनी तिच्या ते लक्षात होतं.

आता तो डावीकडेच बसतो, पण उठताना माझ्याकडे बघतो. ती ओळ मी म्हणतो. काही रविवारी जड जाते.

(काका, काकूंचं ऑपरेशन झालं का, तेवढं कळवा. आजींना तुमचं वाचून दाखवणार आहे.)

गृहिणी, पंचवटी

लग्नाला अकरा वर्षं झाली, सासर हिंदू. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच होत्या आणि पुढे काही काळ एकाच घरात दोन धर्म नांदले. त्या आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, म्हणून मला धीर येतो.

आरतीला मी उभी राहते, हात जोडत नाही. हे पहिल्याच महिन्यात सासूबाईंना सांगून टाकलं होतं. अडचण यायची ती प्रसादाची. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दल पौल म्हणतो की अन्नानं आपण देवाच्या जवळ जात नाही, पण आपल्या मोकळीकीमुळे दुबळ्या मनाचा कोणी अडखळू नये. माहेरी आई म्हणायची खा, मामा म्हणायचे पाप आहे. मी हातात घ्यायचे आणि मुलाला द्यायचे.

सासूबाई सगळं बघत होत्या. एका पाडव्याला त्यांनी पहिलीच पुरणपोळी वेगळ्या ताटलीत काढली. "ही तुझी. अजून देवाला दाखवलेली नाही." त्यांच्या रीतीत नैवेद्याआधी कोणालाच वाढत नाहीत. तेव्हापासून दर सणाला माझी ताटली आधी निघते.

गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेहून मी घरी येते तेव्हा त्यांनी साबुदाणा भिजवून ठेवलेला असतो. माझ्याकडून त्यांच्यासाठी एवढं मोठं काही अजून झालेलं नाही.