बोटीला ऑटोमॅटिक बिल्ज पंप कोणता बसवावा? (हतनूर बॅकवॉटर)

तापीकाठ:
राम राम मंडळी. आमच्या मच्छीमार सोसायटीची १६ फुटी फायबरची बोट आहे, हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला बांधलेली असते, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन. पावसाळ्यात रात्री धो धो कोसळला की सकाळी बोटीत घोटाभर पाणी, पोरं बादल्यांनी उपसतात मग कुठं जाळ्यावर जाता येतं. आता वर्गणी काढून ऑटोमॅटिक बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी बाहेर फेकणारा, घ्यायचं चाललंय, पाणी भरलं की आपोआप चालू, संपलं की बंद. ऑनलाइन बघितलं तर ५०० जीपीएच, ८०० जीपीएच, ११०० जीपीएच, एकात सेन्सर आतच, एकाला फ्लोट वेगळा, डोकंच फिरलं. रात्री बोटीजवळ कोणी नसतं म्हणून भरवशाचा पाहिजे, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

वायरमन_भुसावळ:
जीपीएच म्हणजे तासाला किती गॅलन, तेही अमेरिकन गॅलन, ३.७८ लिटरवाले. ११०० चा पंप कागदावर तासाला ४,१०० लिटरच्या वर टाकतो, पण तो आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नाही असं धरून असतो. विहिरीच्या मोटरला हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, वाढलं की धार बारीक होते ना, तसंच इथं. पाईपाची वळणं, उतरलेली बॅटरी सगळं धरून निम्मं पकडा.

आता तुमचा हिशोब बघा. बोटीचं तोंड साधारण ६ चौरस मीटर धरलं आन रात्रीतून १०० मिमी पडला तर ६०० लिटर पाणी, म्हणजे ६०० किलो वजन, तेपण सगळं मागे इंजिनाकडं जमा होणार. ११०० वाला निम्म्यानं चालला तरी वीस मिनिटांत मोकळं करतो, ३-४ अँपिअरनं बॅटरीतलं एक-सव्वा अँपिअर-अवर गेलं बस. म्हणजे पावसासाठी पंपाच्या साइजचं टेन्शन नाहीच, ५०० वालाही करेल फक्त वेळ लावेल. दगा देतो तो स्विच. फ्लोट म्हणजे पाण्याबरोबर वर उचलून पंप चालू करणारा तरंगता खटका, तो वरच अडकला तर रात्रभर कोरडा पंप फिरणार, सकाळी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी सपाट आन पंपही गेलेला.

नर्मदा_धडगाव:
आमच्याकडं सरदार सरोवराच्या बॅकवॉटरला बोटीशिवाय काही हलत नाही त्यामुळं सगळे प्रकार बघितलेत. दर दोन-अडीच मिनिटांनी स्वतः फिरून पाणी आहे का बघणारे पंप येतात, सुटसुटीत असतात पण बोट आठ-आठ दिवस नुसती उभी असेल तर तेवढ्यानंही बॅटरी उतरत जाते. सेन्सरवाल्याला हलणारा भाग नाही पण त्यावर चिखल आन तेलाचा थर बसला की तो खुळ्यासारखं करतो. मी म्हणेन पंप साधा घ्या आन फ्लोट स्विच वेगळा, जाळीच्या पेटीतला, कारण तंगूसाचे तुकडे, खवले, पाला हेच त्याचे वैरी. बिघडला तर फक्त स्विच बदलता येतो.

अजून एक, जे दुकानदार सांगत नाही. धरणाचे दरवाजे उघडले की पाणी उतरतं आन काठाला बांधलेली बोट गाळावर तिरपी बसते, मग पाणी नाळीकडं, म्हणजे पुढच्या टोकाला, आन स्विच मागं कोरडा. बोट अशी बांधा की पाणी उतरलं तरी ती तरंगत राहील, दोरी ढिली ठेवून.

गिरणामाई:
भाऊ, नाव बुडनी ते पंपनी वारंटी काय कामनी 😄 बादली बोटमाच राहू द्या.

वायरमन_भुसावळ:
बादलीचं खरंय. फुटभर खोल एक इंची भोक पडलं तर तासाला अडीच हजार लिटर तरी आत येतं, त्याला छोटा पंप पुरा पडत नाही.

वायरिंगचं सांगतो. पंपाची वायर मेन स्विचवरून घेऊ नका, घरी जाताना कोणीतरी मेन बंद करतंच आन मग ऑटोमॅटिक कसलं. थेट बॅटरीवरून, पण बॅटरीजवळच फ्यूज टाकून, पंपावर लिहिलाय तेवढ्याच अँपिअरचा. ऑटो-बंद-मॅन्युअल असा तीन खटक्यांचा स्विच लावा म्हणजे निघताना हातानं चालवून बघता येतं. जोड तळाशी नको, वर घ्या, आन नुसती काळी टेप गुंडाळू नका, आपल्याकडच्या ४५ डिग्रीत तिचा गोंद वितळून वायर उघडी पडते. गोंदवाली हीट श्रिंक नळी, तापवली की वायरीवर आवळून बसते ती, वापरा. पाईप आतून गुळगुळीत घ्या, जळगावात पाईपाला तोटा नाही. बाहेरचं तोंड पाण्याच्या बरंच वर ठेवा, इंजिन आन माणसं बसल्यावर मागची बाजू किती दबते ते बघून, नाहीतर तेच पाणी उलटं आत.

तापीकाठ:
पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, एनआरव्ही, लावू का मग?

नर्मदा_धडगाव:
नको. कचरा अडकून तो तिथंच चिकटतो. पाईप आखूड ठेवा म्हणजे परत येणारं पाणीच थोडं राहतं.

तापीकाठ:
बरं, मग ११०० चा साधा पंप, वेगळा फ्लोट आन बॅटरीला २० वॅटचं सोलर पॅनल कंट्रोलरसकट, असं ठरवतो. शनिवारी सोसायटीत मांडतो. पॅनल रात्री काढून न्यावं लागेल बहुतेक, काठावर काय टिकतंय.