प्रतिसाद: मूरवर ग्रॅव्हल बाईक चालते, पण वाट बघून
मूरलँडवर, म्हणजे इंग्लंडातल्या उघड्या, झुडपी माळरानावर, ग्रॅव्हल बाईक (कच्च्या वाटेवरही चालणारी, वळलेल्या हँडलची सायकल) चालेल की एमटीबीच (माउंटन बाईक) हवी, असं एकाने विचारलंय. चालते की! उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थ यॉर्क मूर्समधली रोझडेलची जुनी रेल्वेवाट बघा. लोहखनिज वाहायला १८६१ साली सुरू झाली, १९२९ मध्ये बंद. रूळ गेले, वाट राहिली. ब्लेकीहून ब्लोवर्थ क्रॉसिंगपर्यंत ती फार्नडेल खोऱ्याच्या माथ्यावरून डोंगराला वळसे घालत जाते. इंजिनासाठी आखलेली, त्यामुळे चढ असा जाणवतच नाही. खरा चढ म्हणजे समोरचा वारा! ४० मिमीचे टायर मला पुरले. ऑगस्टमध्ये हेदर (जांभळ्या फुलांचं झुडूप) फुलतं तेव्हा कास आठवतं, फक्त इथे फुलांत मेंढ्या असतात.

पुढे इंगलबी इन्क्लाइनवरून (याच रेल्वेचा तीव्र उतार) खाली जंगलात सुटायचा मोह होईल. जरा थांबा. पाचास एक (पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली) असा उतार आहे, वॅगनीसुद्धा दोराला बांधून सोडायचे. सुट्या खडीवर माझं मागचं चाक दोनदा सरकलं, मग मुकाट्याने सायकल हातात धरून उतरलो.

आणि हो, नकाशावर 'ब्रायडलवे' (चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले यांना खुली वाट) शोधा. 'फुटपाथ'वर, म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठीच्या रानवाटेवर, सायकल चालवायचा हक्क इंग्लंडात नाही. ब्रायडलवेवरही चालणारे आणि घोडेस्वार आधी, आपण नंतर.